‘होमली’ शब्दाचा जबाब

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, बाळकुमच्या घरात आता निवांत पेपर वाचत बसतो, पण ती घटना काही केल्या डोक्यातून जात नाही. खून नाही, दरोडा नाही. एका प्रवेश परीक्षेच्या पेपरफुटीची केस होती, आणि तिच्यात मी एका मुलीचं वाटोळं करायला निघालो होतो.

आधीच सांगतो, माझा स्वभाव संशयी. बायको म्हणते, दुधाची पिशवीसुद्धा तुम्ही उलटून बघता. खोटं नाही. पोलिसात संशय हेच भांडवल.

तेव्हा मी कल्याणच्या एका पोलीस ठाण्यात होतो. सकाळची हजेरी आटोपली होती, इतक्यात स्टेशनजवळचा झेरॉक्सवाला आत आला. हा आमचा जुना खबऱ्या. तो आधी चहा प्यायला, मग आवाज बारीक करून बोलला, “साहेब, शेजारच्या क्लासची पोरं परीक्षेच्या आदल्या दिवशी एक कागद घेऊन आलेली. नुसते नंबर आणि पुढे ए, बी, सी, डी. मला मशीनजवळ उभंसुद्धा नाय राहू दिलं.”

परीक्षा एका खासगी विद्यापीठाची होती. परदेशी परीक्षांच्या धर्तीवर तिच्यात इंग्रजी शब्दांवर मोठा भर. त्या क्लासची सहा मुलं वरच्या यादीत आली होती. गुन्हा नोंदवला आणि क्लासच्या मालकाला बोलावलं. इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल, तोंडात साखर. म्हणाला, “साहेब, मला त्या सहांतल्या एकीवरच डाउट आहे. दुपारची माझ्या ऑफिसात बसायची, प्रिंटा काढायची. शहाडच्या चाळीत राहते, मराठी मीडियमची. आणि इंग्रजीत सगळ्यांच्या वर मार्क? तुम्हीच सांगा, तिच्या घरात इंग्रजी बोलतं कोण?”

मी मान डोलावली. आज लिहितानाही त्या मान डोलावण्याची लाज वाटते.

बाईमाणसाला जबाबासाठी ठाण्यात बोलवायचं नाही, तिच्या घरी जायचं, असा कायदा आहे. म्हणून एक महिला शिपाई आणि दोन पंच घेऊन शहाडला गेलो. वडील वायरमन. दारातच “जय भीम, साहेब” म्हणाले आणि खुर्ची पुढे केली. मुलगी वीस वर्षांची, किडकिडीत. घाबरली होती, पण नजर खाली घालत नव्हती. मला तेही खटकलं. संशय एकदा डोक्यात शिरला की माणूस गप्प बसला तरी चोर आणि बोलला तरी चोर!

“पेपर कोणी दिला?”

“कोणी नाही, सर. मी अभ्यास केला.”

“पेपर कोणी दिला?”

“सर, खरंच कोणी नाही.”

आई मध्ये पडली. “साहेब, सहा महिने पोरगी मोरीच्या कट्ट्यावर बसून पुटपुटायची ओ. शेजारणी विचारायच्या, हिला बाहेरचं काय लागलंय का!” मी तिला गप्प केलं.

झडतीत उशीखाली एक छोटी डायरी सापडली. उघडली आणि मनात म्हटलं, सापडली! पानंच्या पानं अशी: ‘कांदा – ४. गारुडी – १. आबा थंडावले – ३. ताईचा बायोडेटा – ०.’ एकही इंग्रजी शब्द नाही. सांकेतिक भाषा, दुसरं काय? शब्द म्हणजे प्रश्न आणि आकडा म्हणजे उत्तर, असा मी जागेवरच हिशेब लावला.

“हे काय आहे?”

“सर, शब्द लक्षात ठेवायच्या खुणा आहेत. कॅन्डिड म्हणजे स्पष्टवक्ता. कांदा कापला की डोळ्यांत पाणी येतं ना, तसं खरं बोललं की येतं. खूण वाचून इंग्रजी शब्द आठवायचा. जितक्या वेळा विसरले तितका आकडा.”

“मला शिकवतेस?” मी ओरडलो. पंचनामा करून डायरी मुद्देमालात जमा केली.

निघताना वडील जिन्यापर्यंत आले. “साहेब, विद्यापीठाने तिचा निकाल अडवलाय. सोमवारपर्यंत पोलिसांचा रिपोर्ट गेला नाही तर सीट दुसऱ्याला जाणार. एवढीच एक सीट आहे ओ तिच्या नशिबात.” मी “बघू” म्हणालो. आमच्या खात्यात ‘बघू’ म्हणजे काय, हे वाचकांना ठाऊक असेलच.

शुक्रवारी विद्यापीठाकडून सहाही मुलांच्या उत्तरांच्या प्रती आल्या. पाच मुलांची उत्तरं हुबेहूब एकसारखी, चुकासुद्धा त्याच. सहावी प्रत या मुलीची, आणि ती वेगळी होती. मार्क पाचांपेक्षा जास्त, पण चुका तिच्या स्वतःच्या. त्यातली एक चूक बघून मी चक्रावलो. ‘होमली’ या शब्दाचा अर्थ विचारला होता. तिने ‘घरात रमणारी’ या अर्थाच्या पर्यायावर खूण केली होती, आणि तो चूक ठरवला होता.

“अहो, हिचं तर बरोबर आहे!” मी रायटरला म्हणालो. रायटर म्हणजे ठाण्यातली लिखापढी सांभाळणारा हवालदार. तोही म्हणाला, “बरोबरच आहे की, साहेब. माझ्या भाचीच्या बायोडेटात हेच लिहिलंय.”

माझी मुलगी इंग्रजी शिकवते. तिला फोन लावला. ती खो-खो हसत सुटली. “पप्पा, अमेरिकेत होमली म्हणजे दिसायला सुमार! माझ्या लग्नाच्या बायोडेटात तुम्ही मोठ्या अक्षरांत लिहिलेलंत, होमली मुलगी म्हणून. आठवतंय?”

आठवत होतं. तीन प्रती मीच टाइप करून घेतल्या होत्या.

फोन ठेवला आणि डायरी काढायला लावली. ‘ताईचा बायोडेटा – ०.’ ही ‘होमली’ची खूण. हा शब्द ती एकदाही विसरली नव्हती, कारण तो आपल्याला येतोच अशी तिची खात्री होती. आपल्याकडे कोणाचीही असते. उत्तरं जिच्या हातात आहेत, ती इथे कशाला चुकेल? माझं डोकं पहिल्यांदा सरळ दिशेने चालायला लागलं.

शनिवारी त्या पाच पोरांना बोलावलं. एकमेकांशी बोलता येणार नाही असं लांब लांब बसवलं. मी कागद नाही दाखवला, आवाज नाही चढवला. प्रत्येकाला एकच विचारलं, “होमली म्हणजे काय रे?”

पहिला लगेच म्हणाला, “घर सांभाळणारी, सर. सिंपल टाइप.”

दुसरा म्हणाला, “लग्नाच्या जाहिरातीत असतं ना, सर? घरगुती मुलगी.”

पाचही जणांनी तेच सांगितलं. मग मी प्रत्येकापुढे त्याच्याच उत्तरांची प्रत सरकवली. “मग इथे ‘दिसायला सुमार’ वर खूण कशी काय केलीस, बाबा?”

पाचवा रडायला लागला. “सर, आम्ही प्रश्न वाचलेच नाय. सरांनी जसं दिलेलं तसं मारत गेलो.”

सर म्हणजे तोच इस्त्रीचा शर्ट. संध्याकाळी त्याला उचलला. त्याच्या मोबाइलमध्ये उत्तरांच्या कागदाचा फोटो मिळाला, आणि परीक्षा केंद्रावरच्या ज्या माणसाने तो पाठवला होता त्याचा नंबरही. मुलीचं नाव का घेतलंस, विचारलं. शांतपणे म्हणाला, “साहेब, तिच्याविरुद्ध काही सांगितलं तर कोणीही विश्वास ठेवला असता.” हात शिवशिवत होते माझे. पण त्याने माणूस बरोबर ओळखला होता, आणि तो माणूस मी होतो.

रविवारी बसून मी स्वतः अहवाल लिहिला आणि सोमवारी सकाळी शिपायाच्या हाती विद्यापीठात पोचवला. ‘सदर मुलीचा गुन्ह्याशी कोणताही संबंध आढळून आलेला नाही.’ तिचा निकाल सुटला आणि सीट मिळाली.

काही महिन्यांनी कोर्टाचा आदेश घेऊन ती डायरी न्यायला ठाण्यात आली. मी उभा राहिलो. एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी कोणाची माफी मागितली नव्हती, त्यामुळे शब्द जुळेनात. कसंबसं म्हणालो, “पोरी, माझी चूक झाली.”

तिने सही केली, डायरी पर्समध्ये ठेवली. मग म्हणाली, “सर, त्या दिवशी तुम्ही मला एकोणीस वेळा विचारलंत, पेपर कोणी दिला. मी मोजलं. अभ्यास कसा केलास, हे एकदाही नाही विचारलंत.”

नमस्कार करून ती गेली.

त्यानंतर नोकरी जेवढी उरली होती, तेवढ्यात समोर कोणीही बसला तरी मी आधी विचारायचो, “हे कसं केलंस, ते सविस्तर सांग.” खोटारडा दोन वाक्यांत अडखळतो, आणि खरा माणूस थांबता थांबत नाही. त्या मुलीकडे सांगायला सहा महिन्यांची मेहनत होती. तिच्याच घरात, तिच्याच खुर्चीवर बसून, मी तिला एक मिनिटही बोलू दिलं नव्हतं.