माझ्यासाठी काढलेली मिशी

आमच्याकडे बाप असेतो मुलगा मिशी काढत नाही. डोके आणि मिशी एकदमच उतरली, की घरात कोण गेले असे माणसे विचारतात. मुलाला हे मी लहानपणीच सांगितले होते. त्याने ऐकले नाही. आधी कल्ले वाढवले, मग हनुवटीपुरती दाढी ठेवली, आणि पावसाने पाठ फिरवलेल्या त्या वर्षी क्रांती चौकातल्या सलूनमधून तो डोक्यासकट गुळगुळीत होऊन आला. मिशीसुद्धा नाही.

"नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, बाबा. डोकं कशानं धुवायचं?"

"मिशीला किती बादल्या लागतात?"

तो हसला. आरशासमोरून हलला नाही.

त्याची कंपनी करमाडच्या वाटेवर, शेंद्र्याला. पुढच्या आठवड्यात तो करमाडला चहासाठी थांबला, तेव्हा रस्त्यापलीकडून माझ्या धाकट्या भावाने त्याला पाहिले. हाक मारण्याआधीच मोटारसायकल निघून गेली.

भाऊ करमाडला मेंढरे राखतो. आमचे बोलणे बंद होते. आधीच्या एका दुष्काळात त्याने शहरातल्या छावणी भागातल्या माझ्या मोकळ्या प्लॉटवर कळप बसवू का, असे विचारले होते. तिथे बोअरला पाणी होते. शेजारी काय म्हणतील, म्हणून मी नकार दिला. त्याची निम्मी मेंढरे गेली. त्यानंतर त्याने माझ्या दारात पाय ठेवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजले. समोर भाऊ. डोके तुळतुळीत, ओठावर काही नाही. ती मिशी त्याने मिसरूड फुटल्यापासून राखली होती. हातात पिठल्याचा डबा आणि फडक्यात बांधलेल्या भाकरी. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून नातलग आणतात तशा.

"तू जित्ता हाय व्हय?"

"दिसत नाही?"

"मंग पोराचं डोकं?"

"फॅशन."

तो पायरीवर बसला. "कालपासून रडतोय मी. म्हनलं, दादा गेला अन् मला सांगितलं बी नाय. पहाटं न्हाव्याला उठवला." ओठावरून त्याने हात फिरवला. "आता गावाला काय सांगू? लई हसतील."

मुलगा बाहेर आला. "काका, भारी दिसताय!"

"तू बोलू नको, कातरल्या मेंढरा!"

ते जेवण अशुभ, असे पत्नी म्हणाली. मी ताट मागितले. माझ्याच सुतकाची भाकरी मी खाल्ली. भाऊ समोर बसून पाहत होता. चूक माझी होती, एवढेच म्हणायचे होते. घासागणिक ते पुढे ढकलले. शेवटी पिठल्यात मीठ कमी आहे, असे म्हणालो.

"मेलेल्याला चालतं," तो म्हणाला. "ऊठ. गावाला तोंड दाखव, नायतर माझं खरं नाय."

करमाडमध्ये त्याने मला दुकानादुकानासमोर उभे केले. "बघा, जित्ता हाय." न्हाव्याने त्याला विचारले, "मंग मिशी परत चिकटवू का?" सगळे हसले. भावाने मान खाली घातली. माझ्यामुळे त्याने दुसऱ्यांदा काही गमावले होते.

फाट्यावर तो म्हणाला, "मिशी येईस्तोर मी शहरात पाय ठेवत नाय. तूच येत जा."

"त्या प्लॉटचं..." मी सुरुवात केली.

"एस्टी आली बघ."

मी चढलो.