गोठ्याचं उलटं छप्पर

गावात माझी ओळख 'जहाजवाली' अशी आहे. आसगावाजवळच्या धानाच्या बांध्यांतून उठून एक पोरगी समुद्रावर नौदलाची जहाजं जोडायला जाते, म्हणून लोक आधी भारावतात आणि मग विचारतात, "पूरं जहाज पाहिलं का?" नाही पाहिलं. मी तुकडा करते. घराएवढे लोखंडी तुकडे वेगवेगळ्या शेडमध्ये तयार होतात, आतले पाइप, वायरी, रंग सगळं बसवून, आणि मग ते एकमेकांना जोडले की झालं जहाज.

बाबांना हे कधी पटलंच नाही. "तुकडे करायले येवढ्या दूर कायले जाते? लाखांदूरले वेल्डिंगचं दुकान टाक." या उन्हाळ्याच्या सुट्टीत तर त्यांनी बसस्टँडजवळ गाळाही बघून ठेवला. मला मात्र परत जायचं होतं. खरं सांगायचं तर जहाजाच्या प्रेमापोटी नव्हे. तिथे संध्याकाळी कुठे गेली होतीस, असं कोणी विचारत नाही.

त्यातच गोठ्याच्या नव्या लोखंडी छपराचा विषय निघाला. म्हटलं, असं छप्पर करून दाखवते की बाबांचं तोंडच बंद होईल. बाबांनी काडीने मातीत आकृती काढली: पाणी इकडे उतरेल आणि या कोपऱ्यात गोठ्याला खेटून असलेल्या मोहासाठी खाच. मोहाचं झाड तोडायचा प्रश्नच नव्हता. त्यापेक्षा त्यांनी मला तोडलं असतं.

वर तोंड करून वेल्डिंग केलं की ठिणग्या गळ्यात शिरतात. म्हणून आम्ही जहाजाचे तुकडेही उलटे बांधतो, छत खाली ठेवून, आणि शेवटी क्रेन त्यांना सुलटं करते. तसंच मी अख्खं छप्पर अंगणात उलटं जोडलं, खाचेसकट. बघायला येणाऱ्यांना चहाबरोबर भाषणही दिलं.

क्रेनऐवजी गल्लीतले सगळे पुरुष आले. लाकडी बल्ल्या लावून छप्पर पालटलं, खांबांवर चढवलं. खाच या कोपऱ्यात, मोह त्या कोपऱ्यात. फिरवून पाहिलं, तर उतार उलटा आणि खाच भलतीकडेच. जहाजाच्या यार्डात आमच्या हाती नकाशाच उलटा, डावं-उजवं पालटून येतो. तेवढं डोकं वरच्या ऑफिसात कोणीतरी चालवतं, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. मी बाबांची सुलटी आकृती जशीच्या तशी उलट्या छपरात उतरवली होती.

"नेव्हीले सांगून ठेवा, बा," शेजारचे काका म्हणाले आणि सगळे पोट धरून हसले. बाबा हसले नाहीत. ते मोहाला टेकून बसले.

"तिकडं तुया तुकडा असा आला त?"

"त जहाज थांबते, बाबा. बाकी सगळे तुकडे तयार असले तरी."

"एका तुकड्यासाठी?"

"हो."

 बाबांनी उठून धोतर झटकलं.

"गाळेवाल्याले नाही म्हणून सांगतो. तू जाय तिकडंच. तिथं तुयावर नजर ठेवाले मानसं त हायेत. इथं एकटीले सोडलं त साऱ्या लाखांदूरची दारं भिताडात उघडतीन."

इतका अपमान माझा जन्मात कोणी केला नव्हता. मी आत पळाले, बॅग काढली आणि रडत रडत कपडे भरले. आनंदाच्या भरात बाबांचा टॉवेलही त्यात गेला.