अण्णांच्या कॉम्प्युटरवर अडलेली आवृत्ती

"सोडायची की नाही, ते तू सांगायचं," असा निरोप आला तेव्हा मी साताऱ्यातल्या माझ्या खोलीत कपडे वाळत घालत होते. ओला टॉवेल खांद्यावर टाकून मी तो निरोप तीनदा वाचला.

काम असं होतं. जोडाक्षरं न मोडता, काना-मात्रा न हलता मराठी मजकूर पीडीएफच्या पानावर नीट बसावा म्हणून आम्ही काहीजण मिळून एक लायब्ररी लिहितो. पुस्तकांची नव्हे; हा तयार कोड असतो, कुणीही फुकट घ्यावा आणि आपल्या प्रोग्रॅममध्ये वापरावा. आम्ही एकमेकांना कधी पाहिलेलं नाही. आमचे प्रमुख जर्मनीत असतात. नवी आवृत्ती बाहेर पडण्याआधी ती विंडोज, लिनक्स, मॅक अशा सगळ्यांवर चालते का, हे तपासून घ्यायचं काम या खेपेला त्यांनी माझ्याकडे दिलं होतं. शनिवारी संध्याकाळी पाचला मी 'हो' म्हणायचं, मग ते बटण दाबणार.

इस्लामपूरजवळच्या खेड्यातली मी, आमच्या घरात कॉलेजला गेलेली पहिलीच. माझ्या 'हो'साठी जर्मनीतला माणूस थांबणार! खोटं कशाला बोलू, लय भारी वाटत होतं. भीती एवढीच, की माझं 'हो' चुकलं तर मला परत कोण विचारणार?

इंटरनेटवरच्या भाड्याच्या मशीनवर सगळ्या चाचण्या पास झाल्या होत्या. पण ती मशीनं कोरी करकरीत. माणसांनी वर्षानुवर्षं वापरलेले कॉम्प्युटर मला हवे होते. फॉर्म पाठवला तर आपल्याकडे कुणी भरत नाही, फोन केला तर अर्धा तास बोलतात. म्हणून चाचणीचा छोटा प्रोग्रॅम पाठवून मी फोनच केले. वाईच्या एका शिक्षकांनी लिनक्सवर चालवून बघितलं, ऑफिसातल्या मैत्रिणीनं मॅकवर. दोन्हीकडे झकास. शनिवारी दुपारपर्यंत राहिले फक्त सांगलीचे अण्णा. त्यांचा लग्नपत्रिकांचा छापखाना आहे. कॉलेजात असताना दुपारी मी तिथं टायपिंग करायची.

"अण्णा, केलं का?"

"आगं, सकाळपास्नं तीन पत्रिका हायत. मुहूर्त तुझ्यासाठी थांबत न्हाई."

"आवं, दोन मिनिटांचं काम हाय."

"टायपिंगला हुतीस तवा बी असंच म्हणायचीस. मग संध्याकाळ व्हायची."

साडेतीनला त्यांचा फोन आला. "काय बी उमटलं न्हाई. लाल अक्षरात वरडतंय नुसतं."

त्यांनी स्क्रीनचा फोटो पाठवला. फाईल सापडत नाही, असं लिहिलेलं. विंडोज तेच, आवृत्ती तीच, जिच्यावर माझ्याकडे सगळं चाललं होतं. मी प्रमुखांना कळवलं. त्यांचं उत्तर लगेच आलं, "एकाच मशीनवर ना? त्या मशीनचंच काही बिघडलं असेल."

असेलही, म्हटलं. चार वाजत आले होते. 'हो' लिहायला बोटं शिवशिवत होती. तरी फोटो मोठा करून बघितला. फाईलच्या पत्त्यात मधेच, युजरचं नाव असतं तिथं, प्रश्नचिन्हांची रांग होती.

"अण्णा, कॉम्प्युटर घेतला तवा युजरचं नाव काय टाकलंत?"

"नाव आणि कशाला? नवी वही काढली की पहिल्या पानावर आपण काय लिवतो? तेच टाकलं. श्री. दोन्हीकडं दोन-दोन उभ्या रेघा देऊन."

मी ताडकन उठलेच! विंडोज त्याच नावाचा फोल्डर करतं आणि आमची लायब्ररी आपल्या तात्पुरत्या फायली त्यातच ठेवायला जाते. पानावर कुठलंही मराठी अक्षर बसवणारी आमची लायब्ररी, विंडोजवर मराठी नावाचा फोल्डर तिला उघडता येत नव्हता. कुणाच्या लक्षात येणार? कोड लिहिणारे आम्ही सगळे युजरचं नाव इंग्रजीतच ठेवतो. मी माझ्या लॅपटॉपवर तसाच 'श्री'चा युजर केला. लाल अक्षरं माझ्याकडेही आली. इतका आनंद मला पास झालेल्या चाचण्यांनी कधी दिला नव्हता.

प्रमुखांना लिहिलं, "नाही. थांबा. अशी नावं आमच्याकडे दुकानादुकानात आहेत, आणि ही लायब्ररी त्यांच्यासाठीच आहे."

माझ्याकडच्या लाल अक्षरांचा फोटोही जोडला. मला वाटलं, संपलं, हिला नको ते सुचतं म्हणाले असतील. मग एकच ओळ आली: "बरोबर आहे. दुरुस्त करतो."

दुरुस्ती आली तेव्हा पाच केव्हाच वाजून गेले होते. आता सगळ्यांना परत फोन. वाईचे शिक्षक म्हणाले, "पुन्हा? बाहेर निघालो होतो. बरं, चपला काढतो." अण्णांची वेगळीच तयारी.

"मी ते नाव बदलू का? तुला सोपं पडंल."

"अजिबात न्हाई! हात लावू नका त्याला."

"मग थांब जरा." फोन तसाच चालू. प्रिंटरची घरघर ऐकू आली. "आलं गं! सगळी अक्षरं हायत."

मी एवढ्या जोरात ओरडले की अण्णा म्हणाले, "आगं कान फाटला माझा!"

वाई आलं, मॅक आलं. मी 'हो, सोडा' लिहिलं आणि स्क्रीनकडे बघत बसले. आवृत्ती बाहेर पडली. खाली प्रमुखांचा निरोप होता: "पुढच्या वेळीही तूच बघशील का?"

बघते, म्हणून कळवलं. आणि भाड्याच्या एका मशीनवर 'श्री'चा युजर आताच करून ठेवा, तेही सांगितलं.