बुवांचा बोरू

जेवण सोडलं तर बुवा सगळं डाव्या हाताने करत. गवत कापणं, विडी धरणं, ताल चुकलेल्या पोराच्या पाठीत धपाटा घालणं आणि लिहिणंसुद्धा. लांज्याच्या आसपास जाखडीचे नाच पुष्कळ, पण समोरच्या नाचाने गाण्यातून सवाल टाकला की उभ्या उभ्या जवाब लिहून देणारे कवी एकटे आमचे बुवा. "गणपतीचा गण डाव्या हातानं लिवतास?" असं कुणी टोकलं, की म्हणत, "त्याची सोंड पन डावीकडंच वळते. त्यालाच इचार जा."

लिहायला त्यांना स्वतः केलेला बोरूच लागे. परसातल्या चिव्याचं, म्हणजे बारीक बांबूचं, कांडं ते सलूनातून मागून आणलेल्या जुन्या वस्तऱ्याने छाटत. टोकाला मधोमध चीर आणि छाट तिरका, पण डावखुऱ्याला लागतो तसा, उलटा. मी एकदा हट्टाने त्या बोरूने लिहायला गेलो, तर कागदच फाटला. "माझा बोरू चोराच्या पन कामाचा नाय," याचा त्यांना कोण अभिमान. झिजलेला बोरू सरळ चुलीत जाई. "गाना ऱ्हायला पायजे. काठी ठेवून काय करायचा?"

पुढे डोळे गेले, तेव्हा त्यांची सून लिहून घेऊ लागली. तिचा नवरा मुंबईला. मी नाचात झांज वाजवायचो, चाल बसवायला त्यांच्या ओटीवर असायचो. तिला वहिनी म्हणायचो. भाकऱ्या आटोपून, हात पदराला पुसत ती साधं पेन घेऊन बसे. पहिल्यांदा निमूट लिहायची. मग एकदा थांबून म्हणाली, "बाबा, हितं एक शब्द जास्ती व्हतोय. पोरांचे पाय चुकतील." बुवा तोंडातल्या तोंडात ओळ म्हणून बघत राहिले. मग म्हणाले, "चुकतील खरे." त्यानंतर कधी एखादी ओळ तिची, कधी कडवं तिचं. शेवटच्या वर्षीची गवळण तर पहिल्या शब्दापासून तिची होती. पोरं ती बुवांची म्हणून बेभान नाचली, आणि वहिनी दाराआड उभी राहून ऐकत होती.

अंथरुणाला खिळल्यावर बुवांनी वस्तरा मागून घेतला. दिसत नव्हतं, अंगठ्याने चाचपत एक बोरू छाटला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच उजव्या हाताला चालेल असा. अंगठा कापला तरी सोडला नाही. तो वहिनीच्या हातात ठेवून म्हणाले, "गो बाय, ह्येनं लिव. नाच मुका पडू देव नको." त्यांना एवढंच हवं होतं. चार दिवसांत ते गेले.

तेराव्याला नाचाच्या मंडळाची माणसं आली. आठवण म्हणून बुवांचा बोरू देवळात ठेवायचा होता, आणि घरात तेवढा एकच होता. "तो माझा हाय. मला दिलाय लिवायला," वहिनी म्हणाली. अध्यक्ष रागावले नाहीत, समजावणीच्या सुरात बोलले. "वयनी, बाईमानसानं लिवलेला नाचात कसा म्हनायचा?" गेल्या वर्षीची गवळण हिचीच होती, असं मी सांगितलं. "मेलेल्या मानसाला कमीपना आनू नको," ते म्हणाले. मुंबईहून आलेल्या तिच्या नवऱ्याने फळीवरचा बोरू उचलून त्यांच्या हातात दिला.

कीड लागू नये म्हणून त्याला व्हार्निशचे दोन हात दिले. चीर बुजून गेली. आता तो देवळात काचेच्या पेटीत असतो. गणपतीत पेटीला हार घालतात, हळदकुंकू वाहतात आणि मग मोबाइल स्पीकरला लावून कुठल्या तरी तयार गाण्यावर नाचतात. सवाल कुणी टाकत नाही, कारण जवाब कुणाकडेच नाही. मला ते बघवत नाही, पण जातो.

वहिनी आता भांडुपला नवऱ्याकडे असते. तिच्या घरी गेलो होतो. मुलांची पेनं टेबलावर पडली होती. "लिहितेस का काही?" मी विचारलं.

"कशानं लिवू?" म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

परवा देवळात अध्यक्ष मुंबईच्या पाहुण्यांना पेटी दाखवत होते. "आमच्या बुवांनी सगळी गानी ह्याच बोरूनं लिवली." पाहुण्यांनी हात जोडले. मीही जोडले. काचेतून तो उजव्या हाताचा छाट स्वच्छ दिसत होता. त्या बोरूने अजून एक अक्षरही लिहिलेलं नाही.