एक खुर्ची, दोन अध्यक्ष

मीटिंग सुरू व्हायला थोडाच वेळ उरला आणि माझ्या लक्षात आलं, की मधोमध उंच पाठीची खुर्ची मी एकच ठेवलीय. अध्यक्ष मात्र दोन येणार होते. एकाच ऑफिसात केस पांढरे करून अशी चूक करायला अंगात कसब लागतं.

आमचं नवी मुंबईतलं विकास मंडळ केंद्र आणि राज्य मिळून चालवतात. एक सह-अध्यक्ष केंद्राचा, एक राज्याचा. मान सारखा. दोघांनी 'हो' म्हटल्याशिवाय मंडळ रस्त्यावरचा दिवासुद्धा लावू शकत नाही. प्रकल्पाला मोठा वाटा केंद्राचा, उरलेला राज्याने घालायचा. त्याला 'मॅचिंग शेअर' म्हणतात. ऑफिसचा खर्च मात्र निम्मा-निम्मा. म्हणजे माझा पगार अर्धा दिल्लीचा, अर्धा मुंबईचा. बोलणी दोन्हीकडून पूर्ण.

त्या दिवशीचा विषय होता कळंबोलीतलं ट्रक ड्रायव्हरांचं विश्रांतिगृह. खाटा, आंघोळीला पाणी, स्वच्छ संडास. सध्या ही माणसं ट्रकखाली चादर टाकून झोपतात. जागा देणार होते शिरवण्याचे ट्रान्सपोर्टवाले बाळाशेठ. त्यांनी मला दारातच गाठलं.

"साहेब, गोदामवाला मागं लागलाय. आज नाय झाला तर जागा त्याला देतो. मी तरी किती थांबू?"

तेवढ्यात दिल्लीच्या मॅडम आणि राज्याचे साहेब एकदमच आत आले. दोघांनी ती खुर्ची पाहिली.

"मॅडम, बसा ना. तुम्ही पाहुण्या."

"नहीं नहीं, आप बैठिए."

कोणीच बसेना. मग बाकीचेही उभे. मी धावत जाऊन कॅन्टीनमधून प्लास्टिकची खुर्ची आणली. त्याने पंचाईत वाढलीच. प्लास्टिकवर बसायचं कोणी, केंद्राने की राज्याने?

बाळाशेठ माझ्या कानाशी लागले. "नवरं दोन आनि पाट एकच मांडलाय व्हय?"

"चला, उभ्यानेच उरकू," राज्याचे साहेब म्हणाले. मी विषय वाचला. मॅडम म्हणाल्या, राज्याने वाट्याचं लेखी दिलं की आमची मंजुरी. साहेब म्हणाले, तुमची मंजुरी आली की आमचं लेखी. एरवी हा खेळ जेवणापर्यंत चालतो. इथे मॅडमनी गुडघा चोळला. साहेबांनी भिंतीला पाठ टेकली. बाळाशेठ फोन काढून गोदामवाल्याचा नंबर शोधायला लागले.

मी ठरावाच्या दोन प्रती काढल्या. त्यात मंजुरीही होती आणि राज्याच्या वाट्याची हमीही. एक प्रत मॅडमपुढे धरली, एक साहेबांपुढे.

"दोघांनी एकदमच सही करा. मग प्रती बदला. म्हणजे आधी कोणीच नाही."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. पेनं निघाली. चहा यायच्या आत ठराव झाला. बाळाशेठनी फोन खिशात टाकला.

इतकी वर्षं मला वाटायचं, निर्णय पैशांमुळे अडतात. ते बसल्यामुळे अडतात.

घरी जाऊन बायकोला सगळं रंगवून सांगितलं. ती पोळ्या लाटत होती.

"म्हणजे पैसे दोघांचे, संमती दोघांची आणि पळापळ एकट्याची," ती म्हणाली. "अहो, त्याला मंडळ कशाला म्हणायचं? मी याला इतकी वर्षं संसार म्हणत्येय."