आधी पोरी बोलतील

शांताताई गेल्याचा निरोप मला चाकणच्या दवाखान्यात ड्यूटीवर असताना मिळाला. पिंपरीला पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. महिना होऊन गेला, पण मला अजून ते खरं वाटत नाही.

ताई माझ्या नात्यातल्या नव्हत्या. आमच्या बौद्ध वस्तीत एकट्या राहायच्या, औषधाच्या कंपनीत पॅकिंगला होत्या. गुरुवारी कंपनीला सुट्टी, त्या दिवशी विहारात वंदना झाली की वस्तीची बैठक बसायची. तिथं ताईंचा एकच हट्ट... आधी पोरी बोलतील, मग बाया, पुरुष शेवटी. पुरुषांना ते भलतंच झोंबायचं. ‘‘घरी बायको बोलू देत न्हाई, हितं ताई!’’ असं कुणी म्हटलं की हशा पिकायचा. ताईही हसायच्या, पण नंबर बदलायच्या नाहीत. त्यांचं लग्न खेडकडच्या गावात, ओसरीवरच्या बैठकीत ठरलं, तेव्हा त्या आत भाकरी थापत होत्या. एकदाच मला म्हणाल्या, ‘‘गावच्या बैठकीत आपली मान्सं दाराभाईर, आन् आपल्या बैठकीत आमी बाया चुलीपाशी. मी न्हाई म्हननार व्हते गं. पन कुनी इचारलंच न्हाई.’’ ते लग्न टिकलं नाही.

मी मॅट्रिक झाले आणि वडिलांनी माझी सोयरीक जुळवत आणली. मला नर्सिंगला जायचं होतं, पण घरात तोंड उघडायची सोय नव्हती. गुरुवारी ताईंनी माझं नाव घेतलं. मी उभी राहिले आणि शब्दच फुटेना. वडील म्हणाले, ‘‘बस खाली. तिला काय बोलायचं न्हाई.’’

‘‘भाऊ, तिचा नंबर हाय. थांबा.’’

सगळे थांबले. बाहेर स्टोव्हवर ठेवलेला चहा आटत चालला, माणसं चुळबुळ करायला लागली, तरी ताई हलल्या नाहीत. मला त्यांचा भयंकर राग आला. एखादा शब्द सुचवला असता तर काय बिघडलं असतं! शेवटी मीच कशीबशी म्हणाले, ‘‘मला नर्सिंगला जायचंय. लगीन आत्ता नको.’’ वडील कितीतरी दिवस माझ्याशी बोलले नाहीत, पण पाहुण्यांना नकार त्यांनीच कळवला.

परवा ताईंची खोली आवरायला गेले होते. आवरायचं राहिलंच. भिंतीला टेकून बसले आणि दवाखान्यातलं, घरातलं काहीबाही मोठ्यानं सांगत सुटले. मधेच अडखळले... कुणी माझं बोलणं तोडलं नाही. मी पुढचा शब्द शोधत राहिले, पण त्यासाठी थांबलेलं आता कुणीच नव्हतं.