अख्खं सफरचंद

माझ्या बायकोचा धाकटा भाऊ एका नाट्यगृहाच्या वाद्यवृंदात क्लॅरिनेट वाजवायचा. मागच्या रांगेत, ड्रमवाल्याच्या शेजारी. प्रेक्षकांना तो दिसत नसे आणि त्यालाही ते बरंच वाटे. थंडीत नाट्यगृह बंद असायचं, ती सुट्टी तो आमच्याकडे काढायचा. त्याच्याविषयी कुणीतरी लिहून ठेवायला हवं, असं बायको म्हणते. कुणीतरी म्हणजे घरात मीच उरतो. मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही, तेव्हा दिसलं तेवढंच लिहितो.

त्याची काही खुळं होती. वाद्याचं लाकूड गारठलेलं असताना त्यात गरम श्वास फुंकला तर ते तडकतं म्हणे. म्हणून तो वाद्याचे सुटे भाग स्वेटरच्या आत, काखेत धरून हीटरजवळ बसून राहायचा. "राजे अंडी उबवताहेत," असं बायको म्हणायची.

दुसरं खूळ दातांचं. क्लॅरिनेटच्या चोचीसारख्या टोकावर वरचे पुढचे दात टेकवून वाजवावं लागतं. दात हलला की स्वर हलतो. त्यामुळे तरुणपणापासून त्याने कठीण असं काही पुढच्या दातांनी चावलंच नव्हतं. पावाची कडा चहात बुडवून खायची, सफरचंद असेल तर पातळ फोडी करून. त्या फोडी बायको करायची, गप्पा मारता मारता, हाताकडे न बघता.

"तुझे दात लॉकरमध्येच ठेव एकदा," मी म्हणायचो.

"भाऊजी, तुमचे सगळे पडले तरी कुणाला कळणार? तुम्ही तोंड उघडता कुठे?"

हेही खरंच होतं.

त्या वर्षी तो आला, क्लॅरिनेटची पेटी कपाटावर ठेवली आणि ती तिथेच राहिली. बायकोने एकदोनदा कपाटाकडे पाहिलं. एका सकाळी तो आणि मी दूध आणायला निघालो. रस्त्यावर धुकं होतं, दुकान अजून उघडायचं होतं. बंद शटरसमोर उभं असताना त्याने वरचा ओठ उचलला आणि जिभेने पुढचा दात ढकलून दाखवला. दात चांगलाच हलत होता.

"सुट्टी संपली की काढायचाय. शेजारचाही धड नाही."

"मग कवळी बसवतील की."

"बसवतील. वाजवताही येईल थोडंफार. पण भाऊजी, स्वर दातातून हाडात जातो, हाडातून डोक्यात. तो तसा येणार नाही. लोकांना ऐकू येईल, मला येणार नाही."

"आहे तोवर वाजव ना मग," एवढंच म्हणालो.

"वाजवलं तर आज-उद्याच जाईल. जपला तर सुट्टीभर राहील." तो जरासा हसला. "पण जपून करायचं काय, ते कळत नाहीये. आयुष्यभर पुढच्या प्रयोगासाठी वाजवत आलो. तुमच्या घरी येऊनसुद्धा सरगमच घोटली. एखादी धून चवीने वाजवली असं आठवतच नाही. ताईला सांगू नका."

मी सांगितलं नाही. पण माझ्या पोटात राहिलेलं चेहऱ्यावर येतं. दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बायकोने फोडींची बशी त्याच्यापुढे सरकवली आणि माझ्याकडे बघून विचारलं, "काय झालंय तुम्हा दोघांना?" मग त्यालाच सांगावं लागलं.

ती चाकू पुसत बसली. मग म्हणाली, "इतकी वर्षं येतोस. माझ्यासाठी म्हणून एक गाणं नाही वाजवलंस कधी."

"तूच तर मी वाजवायला बसलो की हे दार लावून घेतेस. तुला त्रास होतो, म्हणून मी आपलं हळू आवाजात काहीतरी घोटत बसायचो."

"त्रास? अरे, माझी भांडी तुझ्या वाजवण्यात येऊ नयेत म्हणून लावत होते. आणि दाराला कान लावून भाजी चिरत होते. विचार यांना, बोट किती वेळा कापलं ते."

तो माझ्याकडे बघायला लागला. मी मान हलवली. मग तो उठला आणि त्याने पेटी खाली काढली.

त्या दिवशी अंड्यांचा विनोद झाला नाही. एक तुकडा त्याने काखेत घेतला, दुसरा बायकोने आपल्या शालीखाली धरला. चोचीवर बसवायची वेताची पातळ पत्ती तो तोंडात भिजवत होता. वाद्य जोडून झाल्यावर तो तिथेच, स्वयंपाकघरात, खुर्चीवर बसला. त्यांची आई कपडे वाळत घालताना गुणगुणायची, ती बिनशब्दांची धून त्याने सुरू केली.

कशी वाजवली ते मला सांगता येणार नाही. एवढं दिसलं की प्रत्येक ओळ संपली की तो थांबत होता, घास पूर्ण गिळल्यावर माणूस थांबतो तसा. मध्येच त्याने ओठ पुसला आणि सोडलं होतं तिथूनच पुन्हा उचललं. नळ ठिबकत होता. बायको बंद करायला उठली, तर त्याने वाजवता वाजवताच भुवईने खुणावलं, राहू दे.

संपल्यावर त्याने वाद्य आतून कापडाने कोरडं केलं, पेटीत ठेवलं. मग म्हणाला, "ताई, एक सफरचंद दे."

तिने चाकू उचलला.

"चाकू नको."

"अरे, दात..."

"तो गेल्यातच जमा आहे. उगाच ताटकळतोय."

सफरचंद स्वेटरला पुसून तो चावला. तो कडक आवाज मला अजून आठवतो. त्याने डोळे मिटले, दुखलं म्हणून की कशाने, मी विचारलं नाही. पांढऱ्या गरावर थोडं लाल दिसलं. हनुवटीवर आलेला रस त्याने पुसला नाही. सावकाश चावत राहिला.

"कसं आहे?" मी विचारलं.

"आंबट आहे, भाऊजी. इतकी वर्षं ताई गोड म्हणून चारत होती."

"फोडी केल्या की गोड लागतं," बायको म्हणाली आणि नळ बंद करायला म्हणून पाठ फिरवून उभी राहिली. त्याने पुन्हा चावा घेतला. दात बशीच्या कडेला काढून ठेवला आणि बियांपर्यंत सगळं सफरचंद खाल्लं.

नाट्यगृह त्याने सोडलं. यंदाच्या थंडीत आला, तो कवळी बसवूनच. लहान पोरासारखा एकेक स्वर धरायला शिकतोय. स्वर मध्येच फाटतो, तेव्हा आतून बायको हसते, कारण दार आता उघडंच असतं. परवा मी धीर करून विचारलं, "येतो का रे हाडातून?"

"नाही येत," तो म्हणाला. मग आत कान देऊन जरा थांबला. "पण ताईची भांडी ऐकू येतात."